मते कोणी मोजायची? सॅम्युएल टिल्डन यांची गोष्ट



चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिंकलेली माणसे येतात. या वेळी आम्ही मुद्दाम एका हरलेल्या माणसाची गोष्ट निवडली आहे. हरलेला खरा, पण त्याला पडलेली मते जिंकणाऱ्यापेक्षा सुमारे अडीच लाखांनी जास्त होती! न्यूयॉर्कला पाचव्या ॲव्हेन्यूवरचे मोठे सार्वजनिक वाचनालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. दारापुढे दोन दगडी सिंह बसले आहेत ना, तेच. त्या इमारतीच्या दर्शनी भागावर तीन नावे कोरलेली आहेत : लेनॉक्स, ॲस्टर आणि टिल्डन. सिंहांबरोबर फोटो सगळेच काढतात, पण मान वर करून नावे फारसे कोणी वाचत नाही. त्यातल्या टिल्डन या नावाची ही गोष्ट.

मोठ्यांनी ती मुलांना वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे. मध्ये थोडे गणित आहे आणि थोडे व्याकरणही आहे. घाबरू नका!

हिशेबी मुलगा

सॅम्युएल जोन्स टिल्डन यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू लेबनन या गावी झाला. वडील इलॅम टिल्डन यांची शेती होती आणि दुकानही होते. गावच्या राजकारणात त्यांचा शब्द चाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मार्टिन व्हॅन ब्युरेन हे त्यांचे स्नेही. सॅम्युएल लहानपणापासून प्रकृतीने नाजूक. इतर मुले हुंदडत तेव्हा हा मुलगा मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत बसे. कोणत्या जिल्ह्यात कोणाला किती मते पडली, हे त्याला तोंडपाठ असे.

शिक्षणासाठी ते येल कॉलेजात गेले, पण प्रकृती साथ देईना म्हणून लवकरच परतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये कायदा शिकून १८४१ मध्ये वकील झाले. त्या काळी रेल्वे कंपन्या भराभर निघत आणि तितक्याच भराभर कर्जात बुडत. त्यांचे हिशेब सोडवून गाडी रुळावर आणण्यात टिल्डन यांचा हातखंडा होता. त्यातून त्यांनी अमाप पैसा मिळवला. लग्न केले नाही. आवाज बारीक, सभेत बोलणे रुक्ष, निर्णय घेण्यात चालढकल. मग त्यांचे बळ कशात होते? कागदात! हिशेबाचा कागद हाती आला की सत्य बाहेर पडेपर्यंत ते त्याला सोडत नसत.

हरवलेल्या कागदाचे गणित

त्या वेळचे मतदान आजच्यासारखे नव्हते. सरकारी मतपत्रिका नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतः छापून वाटे. मतदार ती सगळ्यांच्या देखत पेटीत टाकी. चिठ्ठीचा रंग आणि आकार यांवरून कोणाचे मत कोणाला, हे दुरूनही कळत असे. गुप्त मतदान नावालाच! एखाद्याला पक्षाचा एक उमेदवार पसंत नसेल तर तो त्याचे नाव खोडून दुसरे लिही. म्हणजे चिठ्ठ्या दोन प्रकारच्या : अखंड चिठ्ठ्या आणि बदललेल्या चिठ्ठ्या. दोन्हींची मोजणी वेगवेगळ्या कागदांवर होई.

१८५५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या हिशेब-अधिकारीपदासाठी ॲझराया फ्लॅग अवघ्या १७९ मतांनी निवडून आले. विरोधी उमेदवार जाइल्स यांनी दावा लावला. एका केंद्रावर आकड्यांची अदलाबदल झाली असून खरे विजयी आपणच आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. तपासायचे कसे? अखंड चिठ्ठ्यांच्या मोजणीचा कागद तर गायब! उरला होता तो फक्त बदललेल्या चिठ्ठ्यांचा कागद. फ्लॅग यांचे वकील होते टिल्डन.

मुलांनो, टिल्डन यांनी काय केले ते पाहा. एका पक्षाच्या चिठ्ठीवर बरेच उमेदवार असत. त्यांतल्या प्रत्येकाची एकूण मते जाहीर झालेली होतीच. त्या एकूण मतांमधून त्या उमेदवाराची बदललेल्या चिठ्ठ्यांवरची मते वजा केली, तर काय उरेल? अखंड चिठ्ठ्यांची संख्या! ती सर्वांसाठी सारखीच असणार, कारण अखंड चिठ्ठीवर सगळ्यांचीच नावे असतात. टिल्डन यांनी अशी वजाबाकी उमेदवारामागून उमेदवार करून दाखवली. हरवलेला कागद जणू पुन्हा लिहून काढला. त्यात फ्लॅग यांची बदललेल्या चिठ्ठ्यांवरची मते मिळवली की हिशेब पुरा. ज्यूरीने फ्लॅग यांच्या बाजूने कौल दिला.

वजाबाकी शिकून उपयोग काय, असे पुन्हा विचारणार नाही ना?

कुंपणच शेत खाते

न्यूयॉर्क शहरावर त्या काळी विल्यम ट्वीड नावाच्या पुढाऱ्याची सत्ता होती. तो आणि त्याचे साथीदार यांच्या टोळीला लोक ट्वीड रिंग म्हणत. टिल्डन ट्वीडच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले, नव्हे, १८६६ पासून राज्यातल्या पक्षाचे अध्यक्ष. १८६८ च्या निवडणुकीत टिल्डन यांच्या नावाने गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक पत्र गेले. मतदान संपताच तुमच्या भागातल्या मतांचा अंदाज तारेने ट्वीडला कळवा, असा त्याचा मथितार्थ. बाहेरचे आकडे आधी कळले की शहरातल्या पेट्यांमध्ये किती मतांची भर घालायची ते ठरवता येते, हे त्यामागचे गुपित! आपले नाव आपल्या परवानगीवाचून वापरले, असे टिल्डन यांनी नंतर सांगितले. पण त्या वेळी त्यांनी ट्वीडशी उघड भांडण केले नाही. ही चालढकल त्यांच्या टीकाकारांनी कधी विसरू दिली नाही, आणि आम्हालाही ती झाकावीशी वाटत नाही.

१८७१ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने शहराचे दडवलेले हिशेब छापायला सुरुवात केली. नव्या कोर्टाच्या इमारतीवर लोकांच्या करांतून लाखो डॉलर खर्च दाखवलेले. एकट्या गिलावा करणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर लाखोंची बिले! लोक खवळले. पण वर्तमानपत्रातली बातमी वेगळी आणि न्यायालयातला पुरावा वेगळा. हा पैसा ट्वीडच्याच खिशात गेला, हे सिद्ध कोण करणार?

इथे टिल्डन मैदानात उतरले. त्यांच्या विश्वासातले अँड्र्यू ग्रीन शहराच्या हिशेब खात्यात बसले आणि दप्तर उघडले गेले. टिल्डन यांनी ब्रॉडवे बँकेच्या खातेवह्या मागवल्या. शहराच्या तिजोरीतून ठेकेदाराला पैसे कोणत्या दिवशी मिळाले आणि त्यानंतर लगेच ट्वीडच्या खात्यावर किती जमा झाले, याच्या नोंदी त्यांनी समोरासमोर मांडल्या. ठरलेल्या हिश्श्याने रक्कम वाटली जात होती, हे आकड्यांनीच सांगितले. दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी झाले. ट्वीडला १८७३ मध्ये शिक्षा झाली. १८७५ मध्ये तो पळाला, स्पेनमध्ये सापडला, परत आणला गेला आणि १८७८ मध्ये तुरुंगातच मेला. त्याला सामील असलेल्या न्यायाधीशांनाही खुर्ची सोडावी लागली.

या कामगिरीवर टिल्डन १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर निवडून आले. तिथे त्यांनी कालव्यांच्या ठेक्यांना हात घातला. युक्ती कशी होती पाहा. समजा, एका कामात माती उचलणे खूप आणि खडक फोडणे थोडे, असा सरकारी अंदाज आहे. ठेकेदार मातीचा दर अगदी कमी लावतो आणि खडकाचा दर भरमसाट. एकूण बेरीज सर्वांत कमी दिसते, म्हणून ठेका त्यालाच मिळतो. मग हळूच अंदाज बदलतात. माती थोडी, खडक खूप! कागदावर सगळे नियमानुसार, आणि लोकांचे पैसे मात्र पाण्यात. टिल्डन यांनी चौकशी नेमली आणि हे जाळे तोडले. या ठेकेदारांमध्ये त्यांच्या स्वतःच्या पक्षाचेही लोक होते, हे ध्यानात ठेवा.

१८७६ ची निवडणूक

१८७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे शंभरावे वर्ष. (त्याच साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद झाले, पण सरकारने नेमले म्हणून. लोकांनी निवडून द्यायची पद्धत तिथे अजून यायची होती.) डेमोक्रॅटिक पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी टिल्डन यांना उभे केले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते ओहायोचे गव्हर्नर रदरफर्ड हेज. तेही सचोटीचे गृहस्थ होते.

इथे राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जात नाही, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. प्रत्येक राज्य ठरावीक संख्येने इलेक्टर निवडते आणि ते राष्ट्राध्यक्षाला मत देतात. त्या वर्षी एकूण इलेक्टर ३६९ होते. जिंकायला हवे होते १८५.

७ नोव्हेंबरला मतदान झाले. टिल्डन यांना सुमारे ४३ लाख मते पडली आणि हेज यांना सुमारे ४० लाख. रात्री बहुतेकांना वाटले, टिल्डन जिंकले. त्यांच्या पदरात १८४ इलेक्टर नक्की होते. फक्त एक कमी! हेज यांचे नक्की होते १६५. मधले वीस जण कोणाचे, यावर वाद सुरू झाला : फ्लॉरिडाचे ४, लुईझियानाचे ८, साउथ कॅरोलायनाचे ७ आणि ऑरेगनचा १. हेज यांना वीसच्या वीस हवे होते आणि टिल्डन यांना त्यांतला कोणताही एक पुरेसा होता.

ऑरेगनमध्ये हेज यांचा एक इलेक्टर डाक खात्यात नोकरीला निघाला. राज्यघटनेप्रमाणे केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याला इलेक्टर होता येत नाही. लगेच तिथल्या डेमोक्रॅटिक गव्हर्नरने त्याच्या जागी आपल्या पक्षाचा माणूस बसवला. पण खरा घोटाळा दक्षिणेतल्या तीन राज्यांत होता.

ज्याच्या हाती ससा तो पारधी

पालकांनी हा भाग मुलांना थोडा समजावून सांगावा. यादवी युद्ध संपून अकराच वर्षे झाली होती. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. सातासमुद्रापलीकडे पुण्यात ज्या घटनेने आशेचा दिवा लागला, तो दिवा इथे मात्र विझवायचे प्रयत्न सुरू होते. कृष्णवर्णीय मतदार बहुतांशी रिपब्लिकन पक्षाला मत देत. त्यांना मतदानापासून रोखण्यासाठी बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरत. साउथ कॅरोलायनात हॅम्बर्ग गावी त्याच वर्षी जुलैमध्ये कृष्णवर्णीयांची हत्या झाली. हे करणारे टिल्डन यांच्या पक्षाच्या बाजूचे होते. टिल्डन यांनी स्वतः हे करवले नाही, पण ते थांबवण्यासाठी आपले वजनही खर्च केले नाही. म्हणजे टिल्डन यांना पडलेल्या मतांचा आकडाही निर्मळ नव्हता. जे घरातून बाहेरच पडू शकले नाहीत, त्यांची मते कोणत्या वजाबाकीने काढणार?

दुसऱ्या बाजूचे वागणेही धड नव्हते. या राज्यांत आलेली मते तपासून कोणती धरायची आणि कोणती बाद करायची, हे ठरवणारी मंडळे होती. त्यांना रिटर्निंग बोर्ड म्हणत. मंडळांवर बहुमत रिपब्लिकन पक्षाचे. लुईझियानाच्या मंडळात एक जागा रिकामी होती. कायद्याने ती विरोधी पक्षाला द्यायची होती, पण ती भरलीच नाही. या मंडळाने दहशतीचे कारण देऊन डेमोक्रॅटिक पक्षाची सुमारे तेरा हजार मते बाद केली. रिपब्लिकन पक्षाची बाद झाली ती अडीच हजारांच्या आत. बंद दाराआड निर्णय झाले. साउथ कॅरोलायनात तर मतदारांच्या संख्येपेक्षा मतेच जास्त निघाली! दहशत खरी होती, तसाच लबाड हिशेबही खरा होता. आणि दोन्हींचा निवाडा करणारे पंच एका संघाचा शर्ट घालून बसले होते. तिन्ही राज्यांतून दोन-दोन निकालपत्रे वॉशिंग्टनला पोचली. एकात टिल्डन विजयी, दुसऱ्यात हेज.

कर्ता नसलेले वाक्य

आता व्याकरण! वर्गात आपण कर्मणी प्रयोग शिकतो. 'रामाने आंबा खाल्ला' यात खाणारा कोण ते कळते. 'आंबा खाल्ला गेला' म्हटले तर? आंबा संपला एवढे कळते, कोणी संपवला ते कळत नाही. घरात काच फुटली की मुले 'काच फुटली' असेच म्हणतात, 'मी फोडली' म्हणत नाहीत. बरोबर ना?

अमेरिकेच्या राज्यघटनेत नेमके असेच एक वाक्य होते. राज्यांची निकालपत्रे सिनेटच्या अध्यक्षाने दोन्ही सभागृहांसमोर उघडावीत, इथपर्यंत कर्ता स्पष्ट. त्यानंतर मते मोजली जावीत, एवढेच लिहिलेले. कोणी मोजायची? वाक्य गप्प! दोन निकालपत्रे आली तर कोणते धरायचे? तेही लिहिलेले नाही. सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमत. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक बहुमत. रिपब्लिकन म्हणाले, सिनेटच्या अध्यक्षाने मोजावीत. डेमोक्रॅट म्हणाले, दोन्ही सभागृहांची संमती हवी. नियम ज्याला जसा सोयीचा, तसा त्याने वाचला.

शेवटी जानेवारी १८७७ मध्ये पंधरा जणांचा आयोग नेमायचा कायदा झाला. पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सात एका पक्षाकडे झुकणारे, सात दुसऱ्याकडे, आणि पंधरावे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस असतील अशी सर्वांची अटकळ, कारण ते कोणत्याच पक्षाचे मानले जात नव्हते. पण ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले आणि त्यांनी अंग काढून घेतले. त्यांच्या जागी आलेले न्यायाधीश ब्रॅडली रिपब्लिकन होते. मग प्रत्येक वादग्रस्त राज्याचा निर्णय एकाच फरकाने लागला : आठ विरुद्ध सात. राज्याने अधिकृत म्हणून पाठवलेल्या निकालामागे जाऊन मते तपासण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे बहुमताने ठरले. ज्या माणसाने हरवलेला कागदही गणिताने परत मिळवला होता, त्याच्या निवडणुकीत समोर असलेले कागदसुद्धा कोणी तपासले नाहीत.

२ मार्च १८७७ च्या पहाटे निकाल जाहीर झाला. हेज १८५, टिल्डन १८४.

लढाई टळली, किंमत दुसऱ्यांनी मोजली

टिल्डन यांचे काही पाठीराखे शस्त्रे घेऊन वॉशिंग्टनवर चालून जायची भाषा करत होते. यादवी युद्धाच्या जखमा अजून ओल्या होत्या. टिल्डन यांनी त्यांना चिथावणी दिली नाही, निकाल मानला आणि देशात दुसरे युद्ध पेटले नाही. हा त्यांचा मोठेपणा आम्हाला खरोखर वाटतो. ते झगडलेच नाहीत, असा आरोपही त्यांच्यावर झाला. वाद पेटला असताना ते महिनाभर ग्रंथ उघडून, मागच्या शंभर वर्षांत इलेक्टरांची मते कशी मोजली गेली याची टिपणे काढत होते! स्वभावाला औषध नाही.

पण या शांततेची किंमत मोजली कोणी? निकाल मान्य व्हावा म्हणून पडद्याआड बोलणी झाली. एप्रिल १८७७ पर्यंत साउथ कॅरोलायना आणि लुईझियानातल्या राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैन्य हटले. कृष्णवर्णीय मतदारांचा उरलासुरला आधार गेला. पुढे त्यांच्यासाठी दक्षिणेत मतदान जवळजवळ बंदच झाले, ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत. हेज आणि टिल्डन यांच्यापैकी एकाचे पद गेले, पण लाखो माणसांचे मतच गेले. ही गोष्ट सांगताना आम्हाला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दिव्याखाली अंधार

गोष्ट इथे संपली असती तर टिल्डन यांना निव्वळ अन्याय सोसणारे नायक म्हणता आले असते. पण १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनने काही सांकेतिक तारा उलगडून छापल्या. निवडणुकीनंतर दक्षिणेतल्या मंडळांची मते विकत घेण्याच्या वाटाघाटी त्यांत होत्या. अनेक तारा टिल्डन यांच्या ग्रॅमर्सी पार्कच्या घरीच आल्या होत्या! त्यांचा भाचा विल्यम पेल्टन यात गुंतलेला होता. सौदा काही पुरा झाला नाही. टिल्डन यांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले की, आपल्याला यातले काही माहीत नव्हते. त्यांना माहीत होते असे सिद्ध झाले नाही. तरी लोकांनी विचारायचे ते विचारलेच. परक्या बँकेच्या वहीतला डॉलर न् डॉलर शोधणाऱ्याला स्वतःच्या घरातल्या तारा दिसल्या नाहीत?

जबाबदारीचे हे असेच असते. ती दुसऱ्याकडे मागणाऱ्याकडूनही लोक ती मागतात, आणि त्यांनी मागायलाच हवी.

शेवटची वर्षे

टिल्डन यॉन्कर्सला ग्रेस्टोन नावाच्या घरी राहू लागले. आज त्या जागी अंटरमायर बाग आहे. १८८० मध्ये आणि १८८४ मध्ये पुन्हा उभे राहण्याचा आग्रह झाला, त्यांनी नकार दिला. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा हा वृद्ध माणूस तिथून थोड्याच अंतरावर पुस्तकांत दिवस घालवत होता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे इथेच राहून देश पाहत होत्या. इथल्या राज्यकारभाराबद्दल त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ ऑगस्ट १८८६ रोजी टिल्डन वारले. न्यू लेबननमध्ये त्यांची समाधी आहे.

आपली बहुतेक संपत्ती त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मोफत वाचनालय काढण्यासाठी ठेवली. पण नातलगांनी दावा लावला आणि १८९१ मध्ये न्यायालयाने तो भाग रद्द ठरवला. कारण? पैसे नेमके कोणाला द्यायचे, हे मृत्युपत्रात पुरेसे स्पष्ट नव्हते! कर्ता नसलेल्या वाक्याने ज्यांचे पद घेतले, त्या नामांकित वकिलांच्या स्वतःच्या वाक्यातही तशीच फट राहिली होती. सुदैवाने नातलगांपैकी एकीने आधीच तडजोड केली होती, म्हणून वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम वाचली. त्यात ॲस्टर आणि लेनॉक्स यांची ग्रंथालये मिळवून १८९५ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. सिंहांची इमारत १९११ मध्ये उघडली.

आपण काय शिकायचे?

टिल्डन यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १८८७ मध्ये, इलेक्टरांची मते मोजण्याचा कायदा झाला. पण तोही गुंतागुंतीचाच. ६ जानेवारी २०२१ रोजी मतमोजणी चालू असताना जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, तेव्हा वाद पुन्हा तोच होता : मोजणाऱ्याचा अधिकार किती? डिसेंबर २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मोजणीच्या वेळी अध्यक्षस्थानी बसणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाला निकाल ठरवण्याचा अधिकार नाही, हे आता स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. कर्ता सापडायला १४५ वर्षे लागली!

पक्षांनी छापलेल्या चिठ्ठ्याही गेल्या. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी मतपत्रिका आणि गुप्त मतदान सुरू केले, मग इतर राज्यांनी. तरीही २००० मध्ये फ्लॉरिडात अर्धवट टोचलेल्या मतपत्रिका आणि गोंधळात टाकणारी छपाई यांमुळे केवढे रणकंदन झाले, ते पालकांना आठवत असेल. फरक होता अवघ्या ५३७ मतांचा. त्यानंतर २००२ मध्ये नवा कायदा होऊन जुनी यंत्रे बदलली.

भारतात निवडणुकांसाठी १९५० पासून एक स्वतंत्र आयोग आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५१-५२ मध्ये सुमारे सतरा कोटी मतदारांची निवडणूक पार पाडली. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. सेन यांनी ही उणीव लपवली नाही, अहवालात छापली. पुढच्या निवडणुकीआधी ती भरून काढायचे प्रयत्न झाले. चूक कोणत्याही व्यवस्थेत होते. ती कोणाच्या नावावर आणि कुठे लिहिली जाते, यावर ती सुधारणार की नाही हे ठरते.

अमेरिकेत असा एकच आयोग नाही. निवडणुका राज्ये आणि जिल्हे चालवतात, आणि मतदान केंद्रावर तुमच्या-आमच्यासारखे शेजारी बसतात. जे पालक नागरिक झाले आहेत त्यांना हे काम करता येते. बऱ्याच राज्यांत सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही करता येते. मतांची अंतिम पडताळणी होते ती बैठकही बहुतेक ठिकाणी सर्वांना खुली असते. एकदा जाऊन बघा. कंटाळवाणे वाटेल : माणसे याद्या जुळवतात, बेरजा तपासतात, सह्या करतात. पण १८७६ मध्ये नेमके हेच उघड्यावर झाले नव्हते.

घरी बोलण्यासाठी तीन प्रश्न

१. लुईझियानाच्या मंडळात विरोधी पक्षाचा एक माणूस असता तर काय बदलले असते?
२. टिल्डन यांनी निकाल मानला, ते बरोबर केले का? कृष्णवर्णीय मतदारांच्या बाजूने विचार केला तर तुमचे उत्तर बदलते का?
३. आज घरात कोणी 'दूध सांडले' असे म्हणाले, तर ते वाक्य कर्त्यासह पुन्हा म्हणून दाखवा. आई-बाबांनाही ही अट लागू आहे, बरे का!